नवी दिल्ली पायी कशी बघायची: रायसिनाचा चढ, ल्युटन्सचे त्रिकोण आणि बाबूंची घरं

दिल्लीत राहून बरीच वर्षं झाली आणि दर हिवाळ्यात गावाकडून कोणी ना कोणी येतंच. आले की इंडिया गेटला जायचं, गाडीतून एक चक्कर, दोन सेल्फी, "केवढे मोठे रस्ते ना" म्हणायचं, की झाली दिल्ली. मग मीच एक रूट पक्का केला आणि आता पाहुण्यांना तसंच फिरवतो. पाय दुखतात, एकदा भावोजी अर्ध्यात चिडून बसलेपण होते, पण निदान हे शहर असं का आखलंय ते कळतं. तेच इथे लिहितोय, एक पूर्ण दिवस लागेल, शूज घाला, चपला नकोत.

आधी कधी यायचं ते. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य बेस्ट. नोव्हेंबर-डिसेंबरात धुरकं एवढं असतं की इंडिया गेटवरून राष्ट्रपती भवनाचा घुमट दिसतच नाही, आणि या सगळ्या प्लॅनचा जीव तर लांबून दिसण्यातच आहे, म्हणजे तुम्ही आलात कशाला मग. जानेवारीत २६ जानेवारीच्या तालमींसाठी रस्ते बंद असतात आणि २९ ला विजय चौकात बीटिंग रिट्रीट असतं, ते संपेपर्यंत थांबा. सोमवारीपण नको, बहुतेक म्युझियम बंद. राष्ट्रपती भवन आतून बघायचं असेल तर ऑनलाइन बुकिंग आधीच करून ठेवा, फी नाममात्र आहे, पण ओळखपत्र लागतं आणि स्लॉट भरतात.

निघायच्या आदल्या रात्री एक काम करा. मोबाइलवर मॅप उघडा, सॅटेलाइट नाही, साधा, आणि तीन ठिकाणं शोधा: इंडिया गेट, संसद-विजय चौकाचा भाग आणि कॅनॉट प्लेस. तिघं जोडा. जवळपास समभुज त्रिकोण दिसेल. कर्तव्य पथ हा पाया, संसद मार्ग ही डावी बाजू, कस्तुरबा गांधी मार्ग (आधीचा कर्झन रोड) ही उजवी, आणि वरच्या टोकातून म्हणजे कॅनॉट प्लेसमधून सरळ खाली पायावर येणारा जो लंब आहे तो जनपथ. शाळेत भूमिती नावडती असली तरी हे बघून मजा वाटते. आता संसद मार्गाची रेघ कॅनॉट प्लेसच्या पलीकडे तशीच पुढे न्या, ती जामा मशिदीकडे जाते. आणि कर्तव्य पथाची रेघ इंडिया गेटच्या मागे पूर्वेला वाढवा, ती पुराना किल्ल्याकडे. म्हणजे नवं शहर आखताना जुन्या दोन दिल्ल्या मुद्दाम नजरेच्या टोकाला ठेवल्या होत्या, "तुमच्यानंतर आता आम्ही" असं सांगायला. मॅपचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, दिवसभर लागेल.

थोडी पार्श्वभूमी, लांबवत नाही. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज मुंबईत अपोलो बंदरावर उतरला (त्याची आठवण म्हणून आपलं गेटवे) आणि तिथून दिल्लीला येऊन १२ डिसेंबरच्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवतोय असं जाहीर केलं. तीन दिवसांनी शहराच्या उत्तरेला, दरबाराच्या जागेजवळच, कोनशिला बसवल्यापण. मग १९१२ मध्ये तीन जणांची कमिटी आली, स्विंटन, ब्रॉडी आणि आर्किटेक्ट एडविन ल्युटन्स, त्यांनी हत्तीवर बसून वगैरे जागा बघितल्या आणि उत्तरेची जागा नको म्हणून दक्षिणेला रायसिना टेकडी निवडली, आणि त्या कोनशिला गुपचूप उचलून इकडे आणाव्या लागल्या. नंतर दुसरा आर्किटेक्ट हर्बर्ट बेकर आला. उद्घाटन फेब्रुवारी १९३१. पुढे सोळा वर्षांत साहेब घरी. वीस वर्षं बांधलं आणि सोळा वर्षं वापरलं, आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंटपण याहून बरं चाललंय असं म्हणणार होतो, पण नाही, नाही चाललेलं.

सकाळी साडेसात-आठला इंडिया गेटला पोचा. मेट्रोने खान मार्केटला उतरून ऑटो करा. सकाळच का, तर राष्ट्रपती भवन पश्चिमेला आहे आणि त्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडतं आणि तुमच्या पाठीमागे असतं. संध्याकाळी गेलात तर सूर्य घुमटाच्या मागे, फोटोत नुसती काळी सावली येते.

इंडिया गेटला पोचल्यावर लगेच गेटकडे तोंड करून उभं राहू नका. आधी पूर्वेला वळा. छत्री दिसेल, ल्युटन्सचीच, त्यात १९३६ पासून पंचम जॉर्जचा पुतळा होता, तो १९६८ ला काढला, मग कितीतरी वर्षं छत्री रिकामी होती, आणि २०२२ मध्ये तिथे नेताजी आले. छत्रीच्या मागे पुराना किल्ला दिसायला हवा ना, मॅपवर तर बघितला होता. नाही दिसत. मध्ये नॅशनल स्टेडियम आहे, भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या पैशातून १९३३ ला झालेलं, तेव्हा आयर्विन अँफिथिएटर म्हणायचे. एवढा कोनमापी लावून आखलेला व्हिस्टा (लांबवर सरळ रेषेत दिसणारं दृश्य) आणि दोन वर्षांत त्याच्या टोकाला स्टेडियम. दिवसभर हा खेळ लक्षात ठेवा, कागदावर काय होतं आणि डोळ्याला काय दिसतं.

मग गेट बघा. ४२ मीटर उंच, कोनशिला १९२१ ची, पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्या हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक, भिंतींवर तेरा हजारांच्या वर नावं कोरलीत. गेटभोवती षटकोन आहे, म्हणून सी-हेक्सागन म्हणतात. त्याच्या कडेने संस्थानिकांचे महाल. हे दहा मिनिटं चालून बघाच, बाहेरूनच, आत सोडत नाहीत. हैदराबाद हाऊस ल्युटन्सचं, प्लॅन फुलपाखरासारखा, दोन पंख पसरलेले आणि मध्ये घुमट, कारण प्लॉट कोपऱ्याचा आहे आणि कोपऱ्याच्या प्लॉटला तोंड कुठे द्यायचं हा प्रश्न होता. बडोदा हाऊसपण त्याचंच, सयाजीराव गायकवाडांचं, आता तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. जयपूर हाऊसमध्ये मॉडर्न आर्टची नॅशनल गॅलरी आहे, तिथे आत जाता येतं, घाई नसेल तर जा. पण महत्त्वाचं हे की हे सगळे राजे षटकोनावर आहेत, व्हॉइसरॉयच्या घरापासून (तेच आजचं राष्ट्रपती भवन) तीन किलोमीटर लांब, दुसऱ्या टोकाला. मान दिला पण हाताच्या अंतरावर ठेवून. कोणाला कुठे बसवायचं हे आधी ठरलं आणि रस्ते त्यानंतर आले, लग्नाच्या पंगतीत करतात तसं.

आता पश्चिमेला कर्तव्य पथावरून चालायला लागा. मूळ नाव किंग्जवे, मग राजपथ, २०२२ पासून कर्तव्य पथ. हिरवळीच्या बाजूने जी झाडं आहेत ती जांभळं, जुलैत आलात तर खाली चादरी धरून जांभळं पाडणारी माणसं दिसतात. झाडं अशीच कुठलीही लावलेली नाहीत, रस्त्यागणिक एक जात ठरवली होती, जनपथला अर्जुन, अकबर रोडला चिंच, लोदी रोडला कडुलिंब. रोपवाटिका आणि बागांचं काम मस्टो नावाच्या माणसाने बघितलं. एका जातीची झाडं एका रांगेत लावली की वीस-तीस वर्षांत रस्त्याला आपोआप एक उंची आणि एक रंग येतो, ही आयडिया आपल्या महानगरपालिकांनी का घेतली नाही काय माहीत.

जनपथच्या चौकात थांबा. तुम्ही त्या त्रिकोणाच्या लंबाच्या पायाशी उभे आहात. इथे चार कोपऱ्यांवर चार सांस्कृतिक इमारती व्हायच्या होत्या, इंग्रजांच्या काळात झाली एकच, रेकॉर्ड ऑफिस, १९२६ ची, ल्युटन्सची, आजचं राष्ट्रीय अभिलेखागार. समोर जे नॅशनल म्युझियम आहे ते स्वातंत्र्यानंतरचं.

इथून पुढे मात्र बोलणं बंद करा आणि फक्त घुमटाकडे बघत चाला. सगळ्या दिवसातला हा माझा आवडता भाग. इंडिया गेटवरून राष्ट्रपती भवनाचा घुमट, त्याखालचे खांब, बऱ्यापैकी दर्शनी भाग दिसत होता. जसजसे जवळ जाल तसतसं ते घर बुडायला लागतं. आधी खांब जातात, मग छत, आणि विजय चौकात पोचलात की उरते नुसती घुमटाची टोपी. जवळ गेलं की मोठं दिसायला पाहिजे ना, इथे उलटं. दर पन्नास पावलांवर एक फोटो काढा, नंतर सलग बघा, खरंच माणूस पाण्यात उतरतोय असं दिसतं.

हे कसं झालं तर ल्युटन्सला टेकडीवर एकटं व्हॉइसरॉयचं घर हवं होतं आणि सचिवालयं खाली. बेकर म्हणाला नाही, राज्यकर्ता आणि राज्यकारभार एकाच उंचीवर पाहिजेत, सचिवालयाच्या दोन इमारती टेकडीच्या पुढच्या कडेला आणि घर त्यांच्यामागे सरकवू. ल्युटन्सने मान्य केलं, सहीपण केली. पण दोन सचिवालयांच्या मधून जो रस्ता चढतो त्याचा उतार आणि टेकडीची कड यांच्यामुळे खालून बघणाऱ्याला घर दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. मग वर्षानुवर्षं भांडला, रस्ता खणून चढ कमी करा म्हणून वरपर्यंत अर्ज केले, खर्चामुळे कोणी ऐकलं नाही. दोघं जुने मित्र, अबोला झाला. माझं वॉटर्लू (नेपोलियन जिथे हरला ते) नाही, बेकरलू झालं असं ल्युटन्स म्हणाला ते प्रसिद्धच आहे. माझं मत विचाराल तर चूक दोघांची, एकाने ड्रॉइंग नीट न बघता सही केली आणि दुसऱ्याला सगळं समजत असूनही तो गप्प बसला असणार. पण चूक झाली ते बरंच झालं असंही वाटतं, नाहीतर तीन किलोमीटर नुसतं एकच घर बघत चालायचं म्हणजे कंटाळाच.

विजय चौकातून चढ चढा, पोलीस सोडतील तिथपर्यंत, दिवसावर अवलंबून असतं, हुज्जत घालू नका आणि ड्रोनबिन तर काढूच नका. चढताना घर परत वर यायला लागतं. दोन्ही बाजूंना नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक, बेकरचे. ही मंत्रालयं नव्या इमारतींत हलवून इथे राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलंय. समोर चार खांब आहेत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या वसाहतींकडून आलेले, ज्यांना तेव्हा बऱ्यापैकी स्वराज्य होतं. आणि नॉर्थ ब्लॉकवर इंग्रजीत कोरलंय, त्याचा अर्थ साधारण असा की स्वातंत्र्य आपोआप खाली उतरत नाही, लोकांनी त्याच्या लायकीपर्यंत वर चढायचं असतं. चढावरच लिहिलंय हे. टिळकांच्या माणसांना काय वाटलं असेल वाचून! (आणि हो, इंडिया गेटजवळ जो टिळक मार्ग आहे तो आधी हार्डिंग अव्हेन्यू होता, हार्डिंग म्हणजे ज्याच्या काळात हे सगळं सुरू झालं तो व्हॉइसरॉय. फिट्टंफाट.)

आता इमारती कशा वाचायच्या ते, कारण लोक "लाल दगड, भारी" एवढंच म्हणून पुढे जातात. एक, रंगाची रेघ बघा. खाली लाल वाळूचा दगड, वर फिकट बदामी. ही रेघ सगळ्या इमारतींवर फिरते, त्यामुळे दोन वेगळ्या माणसांच्या इमारती एका कुटुंबातल्या वाटतात. दोन, छज्जा. छताखाली भिंतीतून बाहेर आलेली दगडी पट्टी आणि तिच्याखाली पडलेली काळी सावली. युरोपात तिथे नक्षीची कॉर्निस असते, इथल्या उन्हापावसाला ती पुरत नाही, म्हणून ल्युटन्सने आपला छज्जा घेतला. तो हिंदुस्थानी वास्तुकलेला नावं ठेवायचा, हार्डिंगने आग्रह धरला की भारतीय काहीतरी पाहिजेच, तेव्हा नाइलाजाने बघायला लागला आणि मग घेतलं ते मात्र चांगलं घेतलं. बेकरने जाळ्या आणि छत्र्या जिथे जागा दिसली तिथे ठेवल्यात, हत्तीपण कोरलेत, मला ते थोडं हळदीकुंकवाला सजवलेल्या टेबलासारखं वाटतं. ल्युटन्सकडे तेच सगळं गाळून आलंय. राष्ट्रपती भवनाचा घुमट बघा, सांचीचा स्तूप आणि त्याच्याभोवतीचा कठडा, आणि खाली युरोपियन खांबांची रांग. खांबांच्या माथ्यावर पानांच्या ऐवजी कोपऱ्यांना दगडी घंटा लटकतात. घंटा वाजली की राज्य जातं म्हणून न वाजणाऱ्या घंटा केल्या असं सांगतात, गोष्ट छान आहे.

भवनाच्या आत ३४० खोल्या आहेत, टूरमध्ये त्यातल्या मोजक्याच दाखवतात, तरी दरबार हॉल चुकवू नका. समोरच्या अंगणात जयपूर स्तंभ, जयपूरच्या महाराजांनी दिलेला, टोकाला कमळ आणि त्यावर काचेचा तारा. मागे मुघल पद्धतीचा बाग, आता अमृत उद्यान, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांसाठी उघडतो.

एक जाता जाता. भवनाच्या मागच्या अंगाला तालकटोरा आहे. १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीवर आले तेव्हा लढाई या बाजूला झाली होती. आणि २०२५ चं मराठी साहित्य संमेलन तिथल्याच स्टेडियममध्ये झालं. त्यामुळे मराठी पाहुण्यांना तिकडे नेल्याशिवाय ते मला सोडत नाहीत, जरी बघण्यासारखं तिथे फारसं काही नाही.

खाली उतरून जुनी संसद, आता तिचं नाव संविधान सदन, नवी २०२३ मध्ये शेजारीच झाली. ही गोल इमारत मूळ प्लॅनमध्ये नव्हतीच. १९१९ च्या सुधारणांनी मोठं कायदेमंडळ आलं, तेव्हा त्यांना बसवायचं कुठे म्हणून घाईघाईने जागा शोधली, ती टेकडीच्या पायथ्याशी कोपऱ्यात. लोकप्रतिनिधींना आखणीत जागाच धरली नव्हती, एवढं एक कळलं तरी तुमचं दिल्लीचं तिकीट वसूल. बेकरला त्रिकोणी हवी होती, ल्युटन्सने गोल करायला लावली, इथे तो जिंकला. बाहेर १४४ खांब, १९२७ ला उद्घाटन. मुरैनाजवळच्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून उचलली असं व्हॉट्सॲपवर येतं, दिसतं खरं तसंच, पण पुरावा काही नाही, पाहुण्यांनी सांगितलं तर हो म्हणा, वाद घालून जेवणाचा मूड घालवू नका.

जेवायला महाराष्ट्र सदन. एक कस्तुरबा गांधी मार्गावर, जुनं कोपर्निकस मार्गावर, दोन्ही इंडिया गेटजवळ, म्हणजे ऑटोने परत मागे यावं लागेल, पण पाहुणे इतक्या चालीनंतर छोले-कुलचे खाऊन खूश होत नाहीत हे अनुभवाने सांगतो.

दुपारी कॅनॉट प्लेस. तिथे कस्तुरबा गांधी मार्गाने जा, म्हणजे त्रिकोणाची उजवी बाजू आपोआप पूर्ण होते. रॉबर्ट टॉर रसेलचं काम, १९२९ ते १९३३, दुमजली, पांढरं, बाहेर खांबांचा ओटा ज्याच्याखालून पावसात आणि उन्हात चालता येतं. बाथ नावाच्या इंग्लंडमधल्या गावातल्या अर्धगोल घरांवरून सुचलेलं. आतून चाला, कडेने, मधल्या बागेत बसायचं नंतर. हरवलात तर (हरवणारच, सगळे ब्लॉक सारखे) ब्लॉकची अक्षरं बघा, ए, बी, सी असं गोल फिरतात. आणि हेही लक्षात घ्या की ज्याला लोक ल्युटन्स बंगलो म्हणतात त्यातले बहुतेक ल्युटन्सने बांधलेलेच नाहीत, ते याच रसेलच्या आणि सरकारी बांधकाम खात्याच्या हातचे. ल्युटन्सने आखलं, रसेलने भरलं, नाव एकाचं झालं.

थकला नसाल तर शेवटचं, आणि हे कोणी गाइड दाखवत नाही. रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोला उतरून गोल मार्केटला जा. साहेब लोकांचे बंगले किंग्जवेच्या दक्षिणेला, एकेका बंगल्याला आपल्या दोन-तीन सोसायट्या मावतील एवढं आवार. इकडे उत्तरेला कारकुनांची घरं, चौकोनी मैदानाभोवती बुटक्या ओळी, बरेच कारकून कलकत्त्याहून आलेले. पगार आणि हुद्दा बघून प्लॉटचा आकार, टेकडीपासूनचं अंतर आणि दिशा ठरायची. जुन्या ओळी खूपशा पाडून उंच इमारती झाल्यात, पण पाट्यांवर अजून डीआयझेड एरिया असं दिसेल, म्हणजे दिल्ली इंपीरियल झोन. साम्राज्य गेलं, पत्त्यात राहिलं. पिनकोड सांगावा तसं लोक सहज सांगतात.

या सगळ्याच्या खाली जी गावं होती त्यांचं काय, हे पाहुण्यांमधलं कोणीतरी एक जण विचारतोच, माझी मावशी विचारायची. रायसिना हे गाव होतं, मलचा हे गाव होतं. जमीन संपादन कायद्याने घेतली. मलचाची काही कुटुंबं सोनिपतजवळ जाऊन वसली, त्या गावाच्या नावात अजून मलचा आहे, हरसाणा मलचा. इकडे चाणक्यपुरीत मलचा मार्ग राहिलाय, भारी रेस्टॉरंट आहेत तिथे.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर उलट्या टोकाला, बुराडीकडे कोरोनेशन पार्क. जीटीबी नगर मेट्रो, त्याचंच जुनं नाव किंग्जवे कँप, तिथून ऑटो. दरबार इथेच झाला होता, स्तंभ आहे. आणि छत्रीतून काढलेला तो पंचम जॉर्ज इथे आणून उभा केलाय, अवाढव्य, झगा घातलेला, शेजारी आणखी काही व्हॉइसरॉयांचे पुतळे आणि काही रिकामे चौथरे. मुलं क्रिकेट खेळत असतात. दुपारी जाऊ नका, सावली नाही, आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या.